बिनसावलीची फौज

“हूं म्हण बे, संप्या! हूं म्हण म्हणतो ना मी.”

भाऊसाहेब ओरडत होते. असे ओरडत होते, की बाभळीवर टेकलेली पाखरं उठून अजिंठ्याच्या डोंगराकडे गेली ती पेरणीपर्यंत परतली नाहीत. मलकापूरच्या स्टेशनात उभी असलेली मालगाडी शिटी झाली समजून निघाली म्हणतात. मी गाडी पाहिली नाही, पण निघाली असणार. सगळं गाव खळ्यावर बसलेलं. मधोमध कंदील. कंदिलामागे भिंतीला पाठ लावून आमचा कप्तान. आणि त्याच्यासमोर संपत, भाऊसाहेबांचा सगळ्यात जुना सालदार, गुडघ्यांवर हात ठेवून मुकाट बसलेला. वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या या गड्यानं उभ्या आयुष्यात मालकाला ‘नाही’ म्हटल्याचं बैलांनासुद्धा आठवत नव्हतं. आणि आता त्याला नुसतं ‘हूं’ म्हणायचं होतं. तो म्हणत नव्हता.

त्या एका ‘हूं’वर कप्तानाची नोकरी अडकली होती आणि डोक्यावरचं छप्परही. पण हे असं मधूनच सांगून कोणाला कळायचं नाही. आधी कप्तान सांगतो.

आमचं गाव धामणगाव बढ्याहून मोताळ्याकडे येताना लागतं. नाव लिहीत नाही. भाऊसाहेबांचे नातू धडधाकट आहेत आणि त्यांना वाचता येतं. महाराष्ट्र तेव्हा नुकता झाला होता. जागचं न हलता आमच्या गावानं मध्य प्रदेश पाहिला, मुंबईचं द्विभाषिक पाहिलं आणि आता हे तिसरं. त्यामुळे गावाचा स्वभावच संशयी झाला होता. सकाळी उठल्यावर लोक आधी गाव तेच आहे ना ते पाहायचे, मग तोंड धुवायचे. अशा गावात कप्तानासारखा माणूस येऊन पडला म्हणजे उंदरांच्या वस्तीत आणखी एक घाबरट उंदीर. फरक इतकाच, की हा उंदीर पलटणीतून आलेला होता.

म्हणजे असं आम्ही समजत होतो. तो शाळेत ड्रिल मास्तर होता आणि मी गणित शिकवायचो. कप्तान ही पदवी गावानं दिलेली. कोणी म्हणे तो खरोखर हवालदार होता, कोणी म्हणे पलटणीत रोट्या भाजायचा, कोणी म्हणे खामगावच्या जिनिंगपलीकडे त्यानं जग पाहिलेलं नाही. त्याला विचारावं तर तो डोळे बारीक करून म्हणायचा, “तुमाले हे कोनं इचारायले सांगितलं?” लढाईत लागलेल्या गोळीमुळे तो लंगडत असे. सकाळी डाव्या पायानं, संध्याकाळी उजव्या. गोळी फिरती असावी.

कप्तानाला कोणी राम राम घातला, तर तो उत्तर द्यायचा, “काऊन?” म्हणजे, कशाला? लोकांना सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे सवय झाली, आणि मग गंमत अशी झाली, की कोणी साधा राम राम केला की आम्हालाही आतून वाटू लागलं, काऊन? हा माणूस राम राम काऊन करून राह्यला? असा तो रोग पसरला.

दाढी करताना तो न्हाव्याला गळ्याकडे वस्तरा नेऊ द्यायचा नाही. गाल घासूनपुसून तुळतुळीत आणि गळ्यावर ज्ञानगंगेचं जंगल. त्या जंगलात एकदा चिमणी शिरली आणि बाहेर पडायला तिला पोळा उजाडला. पाणी तो स्वतःच्या तांब्यातलंच प्यायचा. तांब्याच्या तोंडाला फडकं, फडक्याला दोरा, दोऱ्याला गाठ, आणि गाठ स्वतःचीच आहे याची खात्री होईपर्यंत तहानेनं व्याकूळ. लग्नाच्या पंगतीत तो नेहमी भिंत पाहून बसे आणि शेजारच्यानं वांग्याची भाजी खाल्ल्यावर तो शेजारी जिवंत आहे ना, हे पाहून मग घास घेई. शेजारच्याला ठसका लागला तर कप्तान उपाशी उठायचा.

ड्रिल शिकवायचा तोही असाच. आमच्या शाळेची पोरं रांगेत उभी राहात नसत. गोल करून, एकमेकांकडे पाठी लावून, बाहेर तोंड करून उभी राहात. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांना हे काही समजेना. त्यांनी विचारलं, यांच्यातला पुढारी कोण? कप्तान म्हणाला, “ते पोरायलेबी माईत नाई, साहेब. माईत असतं तं आतापावतो फितूर झाला असता.” साहेब त्या गोलाभोवती एक चक्कर मारून आले. जिकडे जावं तिकडून एक पोरगं रोखून पाहतंय. चहा न घेता गेले.

तर असा हा माणूस. आणि या माणसाला गोष्ट सांगता येत होती.

गोष्ट म्हणजे साधी नव्हे. ती संपत नसे. मी येण्याआधी कधीतरी सुरू झालेली होती. कप्तान त्याआधी देऊळघाटला होता, पिंपळगाव राजाला होता, आणखीही कुठे कुठे होता. प्रत्येक गावानं त्याला हाकललं होतं ते याच गोष्टीपायी, आणि तो प्रत्येक नव्या गावात ती तिथूनच पुढे सुरू करायचा. उन्हाळ्यात दिवेलागणीला, भाऊसाहेबांच्या मोकळ्या खळ्यावर. खळ्याला लागून कडब्याची खोली होती, ती भाऊसाहेबांनी त्याला राहायला दिली होती. त्या खोलीच्या भिंतीला तो पाठ टेकवायचा, तांब्याची गाठ तपासायचा आणि बोलायला लागायचा.

काजळकोट नावाचा एक किल्ला. तिथला राजा उजेडसेन. त्याची फौज घोड्यांवर नव्हे, रोह्यांवर बसायची. आमच्याकडे हरभरा खाऊन जाणारे ते दांडगे रोही, म्हणजे नीलगायी, त्यांना लगाम. कप्तान त्या फौजेची चाल सांगायला लागला, की खळ्याची माती उडायची. खोटं नाही, मी डोळे चोळलेले आहेत. या फौजेत भरती व्हायचं तर एकच अट. शिपायानं आपली सावली राजाच्या कोठारात जमा करायची. कोठारात सावल्या घोंगड्यांसारख्या घड्या करून रचलेल्या. सावली गेली की शिपाई थकत नाही, भुकेजत नाही, भीत नाही. बसायची आठवणच राहात नाही. राजा म्हणेल त्याला ‘हाव’, म्हणजे हो.

आमच्याकडे गोष्टीला हुंकारी लागते. सांगणाऱ्यानं वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यांतल्या कोणीतरी ‘हूं’ म्हणायचं. हूं आला की वाक्य पक्कं झालं, पुढचं बोलायला मोकळीक. नाही आला तर ते घडलंच नाही. सांगणारा तिथेच थांबतो, मग तो कोणीही असो. आमच्याकडे एका हुंकारी देणाऱ्याला ऐन वेळी डुलकी लागली, तेव्हा गोष्टीतला राजपुत्र विहिरीत दोर धरून अर्ध्यावर होता. सांगणारा नंतर वारला. राजपुत्र अजून लोंबकळतो आहे.

आता भाऊसाहेब. शाळेचे अध्यक्ष तेच, खळं त्यांचं, खोली त्यांची, आणि खळ्यावर गोष्ट ऐकायला बसणारे निम्मे गडी त्यांचे सालदार. माणूस वाईट नव्हता, असं त्यांचे नातू म्हणतात. त्यांच्या मिशा कानापर्यंत गेलेल्या होत्या. एके संध्याकाळी कप्तान म्हणाला, की राजा उजेडसेनाच्या मिशा कानापर्यंत गेलेल्या होत्या. खळ्यावर कोणीतरी खोकलं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मिशा कातरल्या. त्या संध्याकाळी कप्तान म्हणाला, राजानं मिशा कातरल्या. भाऊसाहेबांनी त्याला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला योगायोग. मग वर त्यानंच विचारलं, तुम्ही काऊन कातरल्या?

त्यातच एका दुपारी विहिरीवर गडी टेकलेले पाहून भाऊसाहेबांनी हाक दिली, तर एक जण उठता उठता म्हणाला, “थांबा मालक, सावली कोठारातून काढून आनतो.” सगळे हसले. भाऊसाहेब नाही हसले.

गोष्ट बंद करावी तर गाव म्हणेल मालक गोष्टीला भ्याले. मग त्यांनी डोकं लढवलं. हुकूम निघाला, की यापुढे खळ्यावर हुंकारी एकट्या संपतनं द्यायची, दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. आणि कप्तान भलतंसलतं बोलला, की संपतनं हूं थांबवायचा. वहिवाटच अशी, की गोष्ट आपोआप थांबेल. भाऊसाहेबांना वाटलं आपण गाडीला खीळ बसवली. खीळ कोणाच्या हाती दिली हे त्यांनी पाहिलं नाही, कारण संपतकडे पाहायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

कप्तान मला म्हणाला, “हुकूम आला की हुकमाच्या मागं कोन उभा हाये ते पाहावं.” आणि माझ्याकडेच पाहात राहिला. मी रोज पुढे बसायचो म्हणून त्याला वाटे मी भाऊसाहेबांचा माणूस. भाऊसाहेबांना वाटे मी कप्तानाचा. मला फक्त पुढे काय होतं ते ऐकायचं होतं, पण हे आमच्या गावात शपथेवर सांगितलं असतं तरी कोणाला पटलं नसतं.

संपत मन लावून हुंकारी देऊ लागला. त्याला दिवसाउजेडी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तेवढा खळ्यावर टेके, तोही हुकूम म्हणून. दर वाक्याला एक हूं, बैलाच्या घंटीसारखा ठरलेला. एकदाच तो हूं उशिरा आला.

कप्तान रानबा नाईकाचं सांगत होता. हा फौजेतला एक शिपाई. रजेवर घरी आला, तर अंगणात त्याची लहान पोर झोपलेली आणि तिच्या तोंडावर ऊन आलेलं. रानबा तिच्यावर सावली धरायला आडवा उभा राहिला. ऊन त्याच्यातून आरपार गेलं आणि तसंच पोरीच्या तोंडावर पडलं. तो इकडून उभा राहिला, तिकडून उभा राहिला. ऊन काही अडेना.

कप्तान थांबला. हूं आला नाही. मी संपतकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहात होता. मग आला, घोगरा. संपतची एकुलती पोरगी पिंपळगाव राजाला दिलेली होती. तिच्या लग्नात हा वरातीच्या नव्हे, भाऊसाहेबांच्या पाहुण्यांच्या बैलांना पाणी दाखवत होता आणि पोरगी निघाली तेव्हा विहिरीवर होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणी बोलत नसे.

तिथून काजळकोटात बंड सुरू झालं. कोठारात पहिला शिरला एक म्हातारा शिपाई. त्यानं आपली सावली ओळखली, घोंगडीसारखी झटकून अंगावर घेतली. आणि सगळ्या मोहिमांचा सगळा थकवा, जो तिच्या घडीत इतकी वर्षं साचला होता, तो एका दमात त्याच्यावर उतरला. म्हातारा जागच्या जागी मटकन बसला. बाहेर फौज हे पाहात उभी. खळ्यावर इतकं शांत झालं, की कंदिलातलं तेल उतरताना ऐकू येत होतं. आणि कप्तान म्हणाला, “मोकयं होनं फुकट नसते. सावली आली तं तिच्यासंगं सारंच येते. घ्याची का नाई, ते फौजेनं पाहावं.”

“हूं,” संपत म्हणाला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्याकडे सालदारांचं साल आखाजीला फिरतं. सकाळी मालकाच्या ओसरीत ताटात विडे मांडलेले असतात. गड्यानं विडा उचलला की पुढचं साल लागलं. नाही उचलला, तर त्याला घराबाहेर, झोपडीबाहेर मोकळं रान. आणि कप्तानाची फौज बरोबर याच सुमाराला कोठाराच्या दारात येऊन उभी राहिलेली.

भाऊसाहेबांनी कप्तानाला बोलावलं. मी सोबत होतो, कारण कप्तान एकटा कोणाच्या घरात शिरत नसे. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, की आखाजीच्या आदल्या संध्याकाळी गोष्ट संपवायची. फौजेनं सावल्या घडी करून परत ठेवायच्या, राजाच्या पाया पडायचं, राजानं माफ करायचं आणि सगळ्यांना पुरणपोळी नि आंब्याचा रस वाढायचा. असं झालं तर खोली आणि नोकरी कप्तानाची जन्मभर. नाही झालं, तर पहाटेच्या मोटारीनं निघायचं.

मला वाटलं कप्तान आता काहीतरी ठणकावून बोलेल. तो म्हणाला, “हाव.”

परतताना मी त्याला छेडलं. इतकी गावं सोडली ती काय पुरणपोळीसाठी? तो चालत राहिला. दोन्ही पायांनी लंगडत होता, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“मास्तर,” तो म्हणाला, “आतापावतो सोडली, कारण पुढं गाव होतं. आता पुढं गाव नाई. मले पाठ टेकवाले एक भिंत पायजे.”

मला तरीही संशय होता. त्याला माझा होता. असे आम्ही दोघं खोलीपर्यंत गेलो.

आणि ती संध्याकाळ. भाऊसाहेब स्वतः आले, खुर्ची आणवून बसले. बायाबापड्या, गडी, दुकानदार, सारं गाव. कप्तानानं गाठ तपासली, पाणी प्यायला, आणि खाली मान घालून सुरू झाला. फौज कोठारात शिरली. हूं. सगळ्यांनी आपापल्या सावल्या ओळखल्या. हूं. हात लावून पाहिल्या. हूं. आता कप्तानाचा आवाज असा पडला, की पुढच्या रांगेलाही कान द्यावा लागला.

“मंग त्यायनं सावल्या घडी करून पुन्हा ठेवल्या.”

हूं आला नाही.

कप्तान थांबला. वाट पाहिली. वाक्य पुन्हा म्हणाला. संपत गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, नजर कंदिलावर. झोपला नव्हता, पापणी हलत होती. भाऊसाहेब आधी खाकरले. मग हळू म्हणाले, संपत, हूं म्हण. मग जरा मोठ्यानं. मग जे ओरडले ते मी सुरुवातीला सांगितलंच. ओसरीवर वाढलेला त्यांचा पुतण्या मागून घाबरून ‘हूं’ म्हणाला, तर बायांतून कोणीतरी म्हणालं, त्याले मनाई हाये न, मालकाचाच हुकूम. आणि खळ्यावर हसू फुटलं, दाबलेलं, पण चहूकडून.

भाऊसाहेब खुर्चीतून उठले. कंदिलापर्यंत आले. आणि स्वतः म्हणाले, “हूं.” म्हणाले, “झालं? मी देल्ली हुंकारी. सांग पुढं.”

आता कप्तानाला काय करायचं होतं? काहीही नाही. मालकानं हूं दिला होता. पुरणपोळी वाढायची, राजाचा जयजयकार करायचा आणि भिंतीला पाठ टेकवून मरेपर्यंत बसायचं. मी त्याच्याकडे पाहात होतो. त्यानं वर पाहिलं. माझ्याकडे, संपतकडे, मग भाऊसाहेबांच्या कातरलेल्या मिशांकडे. आणि हा माणूस, जो न्हाव्याला गळा दाखवत नव्हता, तो भिंत सोडून उठला आणि गळ्यावरच्या जंगलासकट मान वर करून उभा राहिला.

“तुमची चालत नाई, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “जो गोष्टीत हाये, त्याले हुंकारी देता येत नाई.”

कोणी हसलं नाही. ज्या गोष्टीचा गावाला इतके दिवस नुसता संशय होता, ती आता कंदिलाच्या उजेडात उभी होती. भाऊसाहेबांनी कंदील उचलला. तो त्यांचाच होता. ते गेले आणि गाव अंधारातून चाचपडत घरोघर गेलं. फौज तशीच कोठारात, हातात सावल्या घेऊन.

सकाळी ओसरीत विडे मांडले गेले. आलेल्या सगळ्या सालदारांनी उचलले. खोटं कशाला सांगू, एकूणएक सगळ्यांनी, खाली पाहून. एक विडा ताटात राहिला तो उन्हानं वाळून गेला.

पहाटेची मोटार आमच्याकडे ऊन तापल्यावर येते. फाट्यावर कप्तान ट्रंकेवर बसला होता. आजूबाजूला उघडं रान, भिंत नावाला नाही. त्यानं मला ट्रंकेच्या दुसऱ्या बाजूला बसायला लावलं, त्याच्या पाठीला पाठ लावून. इतक्या दिवसांत तो मला पहिल्यांदाच पाठ दाखवत होता. त्यानं विचारलं, संपतले तुम्ही शिकवलं का? मी नाही म्हणालो. त्याला पटलं नाही. मी विचारलं, तुम्ही शिकवलं का? तो नाही म्हणाला. मला अजून पटलेलं नाही.

इतक्यात गावाकडून संपत आला. काखेत एक गाठोडं. पिंपळगाव राजाच्या वाटेला लागायचं तर फाट्यावरूनच जावं लागतं. तो आमच्यापाशी थांबला. राम राम, कप्तान, म्हणाला. मी ‘काऊन’ची वाट पाहिली.

“राम राम,” कप्तान म्हणाला. आणि मग, ज्यानं ती फौज आयुष्यभर सांगितली पण तिच्यातला एकही शिपाई कधी पाहिला नव्हता, त्या माणसाच्या आवाजात त्यानं विचारलं, “कसं वाटून राह्यलं, संपत?”

संपतनं गाठोडं खाली ठेवलं. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, आमच्यादेखत तो जमिनीवर बसला. वहाणा काढल्या.

“पाय दुखून राह्यले,” तो म्हणाला.